टच कमांडच्या बारा ओळी

आमच्या घरात रफ वही कधी विकत आणली नाही. बाबा नांदेडला एका छापखान्यात कामाला होते आणि काम सुटल्यावर तिथंच वस्तीची पत्रकं छापायचे. शाई पसरलेली, तिरकी गेलेली, एकावर एक छापली गेलेली पत्रकं घरी यायची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. कागद पातळ असायचा. माझ्या भागाकारातून शिष्यवृत्तीच्या मागण्या उलट्या दिसायच्या. स्वतःचं नाव वाचण्याआधी मी ‘बंधूभगिनींनो’ वाचायला शिकले.

पत्रकाचा एक नियम होता. मजकूर छापायला टाकण्याआधी तो चौकात मोठ्यानं वाचायचा. ज्याला एखादी ओळ पटत नसेल त्यानं तिथंच उठून सांगायचं. ओळ काढायची तर सगळ्यांसमोर काढायची. बाबा म्हणायचे, “लिहायचं एकट्यानं, खोडायचं चारचौघांत.” एकदा एका म्हाताऱ्यानं बाबांच्या सबंध परिच्छेदावर रेघ मारायला लावली. बाबा दोन दिवस घुश्श्यात होते, पण रेघ त्यांनी स्वतःच्या हातानं मारली होती.

हे सगळं घेऊन मी कॉम्प्युटर शिकायला लातूरला गेले. पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी चित्रं-बित्रं नसलेला काळा पडदा उघडला आणि म्हणाले, माऊस विसरा, इथं नुसतं लिहून हुकूम द्यायचा. मग त्यांनी फळ्यावर हुकुमांची नावं लिहिली. कॅट, मॅन, किल, हेड, टेल, टच. पुढच्या बाकांवरची इंग्रजी शाळेतली मुलं हसायला लागली. आम्ही मागचे लोक नावं गुपचूप वहीत उतरवत होतो. यात हसण्यासारखं काही असू शकतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला वाटलं, सायन्स आहे, तर हे असंच असणार.

माझ्या शेजारी लातूरजवळच्या मुरुडची एक मुलगी बसली होती. घरची शेती, वडील आणि काका एकत्र. ती माझ्या कानात म्हणाली, “मांजर कशाला गं पाळलंय ह्यांनी मशीनमधी?” मी फसकन हसले. सरांनी दोघींना उभं केलं. त्या दिवसापासून आम्ही मैत्रिणी. लॅबमध्ये एका बाकाला एकच खातं मिळायचं, म्हणून आमचं खातं एक, पासवर्ड एक. महिन्याभरात हॉस्टेलची खोलीही एक झाली.

दुसऱ्या वर्षाला आम्ही ठरवलं, मागच्या बाकांसाठी एक पुस्तिका काढायची. नाव ठेवलं ‘काळ्या पडद्याला भिऊ नका!’ उद्गारचिन्ह माझं. कॉलेजच्या मेळाव्यात आमच्या विभागाचा स्टॉल असतो, तिथं ती फुकट वाटायची असं सरांकडून कबूल करून घेतलं. मग रोज संध्याकाळी एकेक कमांड घेऊन बसायचो. एक जण लिहायची, दुसरी हसायची. जिथं दुसरी हसली नाही तिथं पुन्हा लिहायचं.

कॅटबद्दल आम्ही लिहिलं: ‘हे मांजर सांगाल ती फाइल पडद्यावर ओतून दाखवतं. मोठी फाइल दिलीत तर सगळं घरभर सांडतं, पुसत बसा.’ मॅनबद्दल: ‘हा माणूस प्रत्येक कमांडची माहिती देतो. त्याला सगळं ठाऊक आहे, पण समजेल असं एक वाक्य तो बोलत नाही. प्रत्येक गावात असा एक असतो.’ ग्रेपबद्दल: ‘शोधून देतो. द्राक्षांशी काही संबंध नाही, सरांना विचारून खात्री केली आहे.’ सुडोबद्दल: ‘हा शब्द आधी लावला की मशीन नाही म्हणत नाही. तहसीलमध्ये आपण ज्या साहेबांचं नाव सांगतो, तसं हे नाव.’ हेड आणि टेलबद्दल तिनं लिहिलं: ‘फाइलीचं डोकं दाखवणारी कमांड आहे, शेपूट दाखवणारीही आहे. मधल्या धडाला कुणी विचारत नाही. धडानं संघटित व्हावं.’ हे शेवटचं वाक्य तिचं होतं, माझं नव्हतं. मला वाटलं, ही आता आपल्यातली झाली.

टच मी लिहिलं. बारा ओळी होत्या. त्यांचा मजकूर साधारण असा: ‘टच म्हणजे शिवणं. जी फाइल अजून नाही तिला शिवलं की ती तयार होते, कोरी. जी आहे तिला शिवलं तर तिचं काही बिघडत नाही, कधी शिवलं एवढी वेळ नोंदली जाते. माझ्या आजीला गावच्या विहिरीच्या काठाला शिवू देत नव्हते. ज्यानं ही कमांड बनवली त्याला आपली विहीर माहीत नसणार. आपल्याला माहीत आहे. म्हणून ही कमांड देताना बोट अडखळू देऊ नका. शिवा.’

तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, “ह्याला हात लावू नको. असंच राहू दे.”

नियमाप्रमाणे आम्ही सगळी पुस्तिका मेसच्या मावशींना वाचून दाखवली. त्या भाकरी थापत होत्या. किलला, म्हणजे चालू प्रोग्रॅम बंद पाडणाऱ्या कमांडला, त्यांनी हात थांबवला.

“मारून टाक म्हणायचं? अन् मशीन मारतंय?”

“हाव मावशी,” माझी मैत्रीण म्हणाली, “पण आधी नंबर इचारतंय, कोणाला मारू म्हणून.”

“बया! म्हंजी रीतसर हाय.” त्या इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली. ती त्यांनी आमच्याच ताटात वाढली, “तुमच्या मांजराला घाला” म्हणाल्या. टचला मात्र त्या हसल्या नाहीत. शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, “बाकीचं कमीजास्त करा. हे ठिवा.” आम्ही दोघींनीही मान हलवली. दोघींनीही.

मेळाव्याच्या आठवड्यात मला नांदेडला जावं लागलं. जयंती जवळ आली होती आणि बाबांना पत्रकाच्या कामाला माणूस हवा होता. छपाईचं मैत्रिणीवर सोपवलं. मेळावा संपल्यावर परतले तेव्हा खोलीत पुस्तिकेचा गठ्ठा होता. पहिली हातात घेतली, वास घेतला, आणि उघडली. हेड होतं, टेल होतं, मग एकदम पुढची कमांड. टच नव्हतं. पानांचे आकडे ओळीत होते, कुठं फट नव्हती, कुणी शोधलंच तर सापडणार नाही अशी सफाई होती.

“हे कोणी केलं?”

ती केस विंचरत होती. “सरांनी काढलं असल. वाद नको म्हणून.”

मी तशीच उठले. ती म्हणाली, “चल, मी बी येते.” वाटेत माझ्या डोक्यात सरांविरुद्ध एक अख्खं पत्रक तयार झालं होतं, मथळ्यासकट. केबिनमध्ये मी ते म्हणून दाखवलं. अभिव्यक्ती, दडपशाही, सवर्ण मानसिकता, काही शिल्लक ठेवलं नाही. आवाज एवढा चढला की शिपाई डोकावून गेला. सरांनी चष्मा काढून पुसला.

“बाई, माझ्याकडं आलं तेव्हा ह्याच्यात टच नव्हतंच. मलाच वाटलं होतं, ह्या पोरी टच कशा विसरल्या. प्रॅक्टिकलला विचारतो मी ते.”

मी मागं वळून पाहिलं. ती भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, “सर इसरले असतील. वय झालंय.” आणि मी मान हलवली. तिच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. छपाईतच गळलं असेल असं धरून मी छापखानेवाल्याला शिव्या घालत झोपले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मूळ फाइल शोधायला बसले. काळ्या पडद्याला एक सवय असते. आपण दिलेला प्रत्येक हुकूम तो क्रमानं लिहून ठेवतो, आणि ‘हिस्टरी’ असं लिहिलं की सगळी यादी समोर टाकतो. सगळ्या वेड्यावाकड्या नावांमध्ये हे एक नाव सरळ आहे. आमचं खातं एकच होतं. मी नांदेडला असतानाची यादी समोर आली. त्यात एक ओळ होती: सेड, म्हणजे फाइलीत फेरफार करणारी कमांड. तिच्यापुढं एक्केचाळीस ते बावन्न. मग डिलीटचा डी. मग आमच्या पुस्तिकेचं नाव.

बारा ओळी. आधीचे हुकूम पाहिले तर तिनं त्या ओळी तीनदा मोजून घेतल्या होत्या. माझी इतर एकही ओळ जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी खोलीत मी तिला एवढंच विचारलं, “का?”

तिनं नाकारलं नाही. “स्टॉलवर काका येणार होते. मुरुडची आणखी लोकं बी. त्यांनी वाचलं असतं तर इचारलं असतं, हे कोणी लिहिलं.”

“मी लिहिलं म्हणायचं.”

“मग इचारलं असतं, ती कोण.”

“मग?”

तिनं खिडकी लावून घेतली. मी पुन्हा विचारलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि खाली बघत म्हणाली, “घरी तुझं आडनाव मी दुसरं सांगितलंय.”

मला नीट कळलं नाही. “कधी?”

“पहिल्या वर्षीच. खोली घेतली तव्हा.”

दीड वर्ष. तिची आई दर रविवारी फोन करायची, लेकीशी बोलून झालं की म्हणायची, “तिला दे.” मला ‘बाळा’ म्हणायची. मुरुडहून शेंगदाण्याच्या चटणीची बरणी यायची ती दोघींच्या नावानं. मी त्या चटणीची तारीफ करायचे, त्या खूश व्हायच्या. ती सगळी माया त्या दुसऱ्या आडनावाच्या मुलीला मिळत होती. मी नुसती तिच्या जागी बसून जेवत होते.

“तू मला काय समजती?” ती आता रडत होती. “मी तुझ्या ताटात जेवते. तुझा टॉवेल वापरते. मी तसली असते तर?”

“मला समोर सांगायचं होतंस,” मी म्हणाले. “ओळी खोडायच्या होत्या तर समोर. भांडलो असतो. कदाचित मी हरले असते. पण तू मला सरांवर सोडलंस आणि मागं उभी राहून वेळापत्रक वाचलंस.”

“तुझ्यासारखं सोपं नसतं सगळ्यांला. तुझ्या घरी लढायलाच शिकवतेत.”

या वाक्याचा मला आजही राग येतो. लढणं सोपं असतं म्हणून आमच्या घरी शिकवत नाहीत.

तीन दिवस आम्ही बोललो नाही. रविवारी तिचा फोन वाजला. ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. पडद्यावर ‘आई’ दिसत होतं. मी उचलला.

“कोण, बाळा तू? चटणी संपली आसल न्हवं? बुधवारी काका येऊन राहिलेत तिकडं, धाडून देते.”

मी म्हणाले, “काकू, तुम्हाला माझं आडनाव चुकीचं सांगितलंय.” आणि खरं आडनाव सांगितलं. नांदेडचं सांगितलं, वस्तीचं सांगितलं, बाबा काय करतात ते सांगितलं. लेकीनं का खोटं सांगितलं ते मात्र मी बोलले नाही. ते तिनं सांगायचं होतं.

पलीकडून कुकरची शिटी ऐकू आली. मग पाणी सोडल्याचा आवाज.

“बरं,” त्या म्हणाल्या. “तिला दे फोन.”

मी जिना चढून गच्चीवर गेले. तिच्या हातात माझीच ओढणी होती, ती झटकून दोरीवर टाकत होती. मी फोन पुढं केला. पडद्यावरचं नाव तिनं वाचलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि तिला कळलं.

“तू असं का केलं?” ती कुजबुजली.

“तुझ्यासमोर सांगते,” मी म्हणाले. “मी सांगितलंय.”

फोनमधून तिची आई तिला हाक मारत होती. तिनं तो कानाला लावला, पाठ फिरवली आणि गच्चीच्या पार टोकाला गेली. मी बादलीतले उरलेले कपडे दोरीवर टाकले, त्यात तिचेही होते, आणि खाली आले.