अंड्याची जमीन

एका राजाच्या दरबारात पाय ठेवायला मी साफ नकार दिला होता. कारण काय, तर अंडं.

लग्नाला चारच महिने झालेले. कन्याकुमारीजवळ त्रावणकोरच्या राजांचा लाकडी राजवाडा आहे, आता संग्रहालय झालेला. यांना लाकूडकामाचं भारी वेड. तिथला औषधी लाकडांचा राजाचा पलंग बघायचा, म्हणून यांनी रजा साठवली होती. चपला बाहेर काढून आत शिरलो. दरबारातली काळी जमीन आरशासारखी चकाकत होती. गाइड कौतुकानं म्हणाला, "चुना, करवंट्यांचा कोळसा आणि अंड्यातला पांढरा बलक."

माझी नेमकी संकष्टी. साडी घोट्यांच्या वर धरून मी दाराशी बगळ्यासारखी एका पायावर उभी. "मी नाही येणार." हेही माझ्याबरोबर मागे फिरले. पलंग राहिला.

जवळच्याच लॉजवर येऊन मी डोक्यावरून आंघोळ केली, साडी धुतली. "चहा घेऊन येतो," म्हणून हे गेले ते चांगले दोन तासांनी आले. रागावलेत, हे मी ठरवूनच टाकलं. विचारायचं धाडस झालं नाही, आणि मग संसारात ते राहूनच गेलं.

आता आम्ही कतारला, दोह्यात लेकाकडे असतो. तो रास लफानच्या गॅस प्रकल्पात नोकरीला. सुट्टीच्या सकाळी मी नातीला ऑम्लेट करून देते, कांदा जरा जास्त घालून. संकष्टी असली तरी.

मागच्या शुक्रवारी लेकानं आम्हाला इथल्या संग्रहालयातला शेखांचा जुना राजवाडा बघायला नेलं. यांची नजर आता अधू झालीय, माझा दंड धरून चालतात. दाराशी थांबून म्हणाले, "ये बिनधास्त. इथे अंडं नाही."

"व्हॉट एग, आजोबा?" नातीनं विचारलं.

मग सगळं सांगावं लागलं. नात हसता हसता खालीच बसली. "आजी, यू वेअर सो ड्रामाटिक!"

मला मात्र हसू येईना. तो पलंग आता दाखवायला नेलं तरी यांना कितीसा दिसणार? लेक आणि नात पुढे गेल्यावर बाकावर टेकलो, तेव्हा मी विचारलंच, "अहो, माझ्यापायी तुमचा पलंग राहिला. रागावून गेला होतात ना त्या दिवशी?"

हे म्हणाले, "छे गं. तू साडी पिळत बसलीस तेवढ्यात रिक्षा करून मी परत गेलो, सगळं बघून आलो. सांगितलं असतं तर मलाही डोक्यावरून आंघोळ करायला लावली असतीस. पलंग सुरेख होता. पण 'बघ' म्हणायला शेजारी कोणी नव्हतं."