बोटांवरचा आळ

मितेशला गावात फोनचा डॉक्टर म्हणत. आधी थट्टेनं म्हणत, मग खरंच म्हणू लागले, आणि ते त्याच्या डोक्यात गेलं. रेवसकडच्या त्या खाडीकाठच्या गावात लॅपटॉप होता तो त्याच्या एकट्याकडे. बाप, काळूराम, जन्मभर मिठागरात राबलेला. मिठागर बंद पडल्यावर तो एका गोदामावर रखवालदार म्हणून लागला, तेव्हा मितेशनं त्याला फोन घेऊन दिला आणि चार दिवसही दम न धरता तो आतून उघडला. कंपनीचं कुलूप तोडलं, नको ती ॲप उडवली, वर नवं रूप चढवलं. बापाला यातल्या कशाचीच गरज नव्हती. पोराला मित्रांपुढे मिरवायचं होतं, एवढंच.

पुढे गोदामवाल्यांनी हजेरी फोनवर सुरू केली. हजेरीचं ॲप नव्या अपडेटशिवाय उघडेना, आणि अपडेट काही केल्या बसेना. फोन बंद होई, चालू होई आणि 'अपडेट अयशस्वी' असं सांगून पुन्हा होता तिथंच. मितेशला कारण लगेच कळलं होतं. आतली सिस्टीमच बदललेली, तिच्यावर कंपनीचं अपडेट बसणार कसं? मूळ फाईल जपून ठेवायची असते. ती त्यानं लॅपटॉपवर जागा नाही म्हणून कधीच पुसली होती. त्यानं अपडेट पुन्हा पुन्हा उतरवलं, व्हिडिओ बघून बघून डोळे लाल केले. सगळं पुसून कंपनीचं सॉफ्टवेअर परत टाकलं असतं तर भागलं असतं. पण मग बापाचे फोटो गेले असते, आणि का गेले ते सांगावं लागलं असतं. डॉक्टरसाहेबांना तेवढं जमेना.

शेवटी एक कारण काळूरामनंच शोधून काढलं. मिठानं त्याच्या बोटांच्या रेघा केव्हाच खाल्ल्या होत्या. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नसे, मागे रांगेत लोक कुरकुरत आणि तो ओशाळून बाजूला होई. तेव्हा फोनलाही आपली बोटं चालत नसणार, असं त्यानं ठरवून टाकलं. तसं तो घरात बोलला, आणि मितेश गप्प राहिला. ते गप्प राहणं त्याला फार सोपं गेलं. मग त्याची आई गोदू रोज संध्याकाळी नवऱ्याच्या बोटांना खोबरेल चोळू लागली. काळूराम हात पुसून देवापुढे बसावं तसा फोनपुढे बसे आणि एकेक बोट लावून पाही. मितेशला ते बघवत नसे. त्याला लाज वाटे, आणि लाज वाटते म्हणून तो बापावरच खेकसे.

शेवटी सुपरवायझरनं सगळ्यांदेखत सांगितलं, की फोन नीट करा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. काळूराम दुसऱ्याच दिवशी पोयनाडला नेत्राच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात निघाला, आणि मितेशला सोबत जावंच लागलं. नेत्रानं फोन तपासला आणि याची सिस्टीम कुणी बदलली, असं विचारलं. मितेश काचेखालची कव्हरं बघत राहिला.

"बाय, मीच कायतरी दाबला असल," काळूराम म्हणाला आणि त्यानं हात पाठीमागे घेतले. "माजी बोटा खराब हायत."

नेत्राला हसू आलं. "काका, हे बोटानं होत नाही. याला लॅपटॉप लागतो. मुद्दाम बसून करावं लागतं."

काळूराम लेकाकडे वळला. आता चारचौघांत मुस्काटात बसणार, असं मितेशला वाटलं. बसली असती तर बरं, असंही वाटलं. पण बापानं हात पुढे आणले आणि काउंटरवरच्या दिव्याखाली उलटसुलट करून पाहिले.

"म्हंजी माजी बोटा बरी हायत?" त्यानं विचारलं.

बोटांना अजून खोबरेलाचा वास येत होता. मितेशला नुसतं 'हो' म्हणायचं होतं, आणि तेवढं म्हणायला त्याला फार वेळ लागला.