गोजरमावशीनं मार्चपर्यंत जगायचं ठरलं

बांगलादेशच्या लढाईनंतर सरकारला अक्कल आली, की फौजेचे टॉवेल एकाच कारखान्यातून घेऊ नयेत. तो बंद पडला तर जवानांनी अंग कशानं पुसायचं? सोलापुरात हे टॉवेल विणायचा कुंडलिक. दुसरा कारखानदार हवा म्हटल्यावर त्याचा धाकटा भाऊ जोतीराम पुढं झाला. त्याचे माग कामावाचून गप्प पडले होते. दोघांकडच्या मागांना लागणाऱ्या सुताच्या कांड्या मीच भरायची, म्हणून मला सगळं ठाऊक.

पुण्याहून तपासणीचे साहेब आले. कारखाने वेगळे, वीज वेगळी, सूत वेगळं, सगळं त्यांना पटलं. एवढ्यात गोजरमावशी चहा घेऊन आली. नवरा गेल्यावर एका मागावर ही दोन पोरं वाढवलेली बाई. दोघांनीही "आई" म्हणत तिच्या हातचे कप घेतले.

"दोघांची आई एकच?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "उद्या ह्या गेल्या तर सुतकात दोन्ही कारखाने बंद. मग दुसरा असून उपयोग काय?"

आता बोला! जित्या बाईच्या तोंडावर. मावशी शांतपणे म्हणाली, "काम कवापर्यंत हाय?"

"मार्चपर्यंत."

"मग मार्चपर्यंत कळ काढते की."

साहेबांनी डॉक्टर आणून तिचं ब्लडप्रेशर मोजलं. डॉक्टर मार्चची खात्री देईना. शेवटी मावशीच वैतागली. "कुंडलिक सुतक धरंल. जोत्या, तू न्हाय धरायचं, माग चालवायचा. मला तितं काय कळणार हाय?" जोतीराम मान खाली घालून व्हय म्हणाला. ऑर्डर मिळाली.

बाई शब्दाची पक्की. हिवाळाभर खोकली, पण दोन्हीकडच्या विणकरांच्या भाकरी थापत राहिली. फेब्रुवारीत मात्र गेली.

कुंडलिकनं कारखान्याला कुलूप घातलं. जोतीराम स्मशानातून आला, अंघोळ केली अन् माग लावला. विणकर कुणी फिरकलं नाही. एकटाच विणत होता, डोळ्यांना धार. मला मेल्याचा लई राग आला, तरी कांड्या भरून दिल्या.

सुतकातच साहेब आले. शेजारचं कुलूप पाहिलं, इकडचा खडखडाट ऐकला अन् चेहरा फुलला. "पहिला बंद, दुसरा चालू. अगदी असंच पाहिजे. अभिनंदन," म्हणत त्यांनी हात पुढं केला.

जोतीरामनं माग बंद केला. "साहेब, आई गेलीय माझी," एवढंच म्हणाला. अनवाणी शेजारी कुंडलिकच्या घरी गेला, त्याच्याजवळ सुतकाच्या घोंगडीवर बसला अन् मोठ्यानं रडायला लागला. ऑर्डर गेली. माझं तिथलं कामही गेलं, पण त्या दिवशी मला बरं वाटलं.