लाल दुलई आणि उजवीकडची खिडकी

आमचे बाबा रेल्वेतून रिटायर झाले होते आणि कुठल्या गाडीत कुठल्या बाजूला बसायचं, याबाबत घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. इटारसीकडे जाताना ऊन कुठून येतं, मुंबईकडे जाताना घाट कुठून दिसतो, सगळं तोंडपाठ. त्यामुळे सत्तरच्या दशकात ऑफिसनं मला नागपूरहून विमानानं दिल्लीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा घरात तिकिटाआधी खिडकीची चर्चा सुरू झाली.

"उजवीकडे बस," बाबा म्हणाले. "विमानतळ गावाच्या पश्चिमेले, दिल्ली उत्तरेले. म्हणजे आपली धरमपेठ उजव्या हातालेच येते. पक्कं सांगून राहिलो. आणि पंखाच्या मागं बस, नाही तं सगळ्या रस्त्यानं पत्राच पाहशील."

आईनं मात्र विमानाची धास्ती घेतली होती. त्यावर उपायही तिनंच काढला.

"मी गच्चीवर लाल दुलई टाकते. तुले वरून घर दिसलं म्हणजे मले बरं वाटन."

विमानतळावर मी हट्टानं उजवीकडची, पंखामागची खिडकी मागून घेतली. विमान धावपट्टीच्या टोकाशी गेलं आणि भलत्याच दिशेला, दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं. मी रेल्वेवाल्याचा मुलगा, मला वाटलं शंटिंग चाललं असेल. निवांत बसलो. ते तसंच सुसाट धावलं आणि उडालं. माझ्या खिडकीत नुसते संत्र्याचे बगीचे! सगळं नागपूर डावीकडे.

मी पट्टा सोडून पलीकडे धावलो. डाव्या खिडकीशी सफारीतले एक जाडजूड गृहस्थ सुपारी चघळत बसले होते.

"भाऊ, जरा सरकता का? आमचं घर येऊन राहिलं."

"काहून, उतरायचं आहे काय गा?" ते म्हणाले, पण गुडघे आवरून घेतले.

हवाई सुंदरी माझ्यावर ओरडत होती. तेवढ्यात पाण्याच्या टाकीवरून मला आमची गल्ली सापडली आणि मी चक्रावलोच. ओळीनं सगळ्या गच्च्या लाल! आमचं घर टाकीपासून कितवं, हे कधी मोजलंच नव्हतं; आमची कुठली, काही कळेना. टाकीपासून तिसरी तेवढी उघडी होती. एवढी सगळी गल्ली कामाला लागली असताना हिला काय झालं, म्हणून त्या घरच्या आळशी बाईला मी मनातल्या मनात नावंही ठेवली.

आठवड्यानं परतलो तेव्हा खुलासा झाला. "एकटी दुलई वरून काय दिसन वं?" असं म्हणत शेजारणींनीही आपापल्या दुलया बाहेर काढल्या होत्या. आता त्या सगळ्या आमच्या ओसरीवर जमल्या.

"आमची दिसली काय?"

"दिसली ना, काकू." मी कोणालाही नाराज केलं नाही. त्या खूश होऊन गेल्या, आणि आई उरली.

"तुझी तर सगळ्यात आधी दिसली," मी त्याच दमात म्हणालो. "लालभडक!"

आई माझ्याकडे बघतच राहिली.

"मी तं काढून घेतली होती गा," ती म्हणाली. "सगळ्यांच्याच लाल झाल्या. म्हटलं, आता रिकामी गच्चीच तुले ओळखू येईन. तिथंच उभी होती मी, विमान दिसेनासं होईपर्यंत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, रिकामी गच्ची पाहिली मी. टाकीपासून तिसरी. तुझी शपथ!"

"हो का?" ती म्हणाली. अगदी मी शेजारणींना 'दिसली ना' म्हणालो होतो, त्याच सुरात.

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला.

"उजवीकडूनच दिसलं ना गा घर?"

आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हाव बाबा," मी म्हणालो. "उजवीकडूनच."