राइट गार्डबद्दल काही नाही

माझा मुलगा लहानपणापासून अंगाने थोराड. पुण्याला गेलो की सासूबाई त्याला आधी पोटाशी धरत आणि मग माझ्याकडे वळून म्हणत, "अगं, याला जरा आवर." मी आवरलंही. पोळ्या मोजून वाढल्या, तुपाची बरणी वरच्या फळीवर ठेवली, पण काडीचा उपयोग झाला नाही. मग तो बावीस वर्षांचा झाला आणि आम्ही राहतो त्या जर्मनीतल्या कोलोनमधल्या एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाने त्याला पगारावर घेतलं, ते नेमकं त्या अंगासाठी. आता दर सोमवारी त्यांच्याकडून आहाराचा कागद येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं की वजन उतरता कामा नये. तो कागद मी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना मराठीत भाषांतर करून वाचून दाखवला. इतकं सुख मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं.

खेळ कळायला मात्र मला दोन महिने लागले. नवऱ्याला तो अजून कळलेला नाही. मुलाला कोणी धडकलेलं त्याला बघवत नाही, म्हणून सामनाभर तो स्टेडियमबाहेर फेऱ्या मारतो आणि आरडाओरडा ऐकू आला की मला फोन करून विचारतो, "उठला का?" तर, या खेळात चेंडू फेकणारा एक असतो, तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच आडदांड माणसं ओळीने वाकून उभी राहतात. समोरून अंगावर येणाऱ्यांना अडवायचं आणि मागच्या माणसाला सांभाळायचं, एवढंच त्यांचं काम. मधला एक सोडला तर बाकीच्यांनी चेंडूला हातही लावायचा नसतो. गेल्या वर्षी ही ओळ इतकी ढिसाळ होती की बिचारा क्वार्टरबॅक उभ्यापेक्षा आडवाच जास्त दिसायचा. म्हणून यंदा संघाने सगळी ओळच नवी आणली. त्यातल्या चार जागा ठरल्या होत्या. पाचवी जागा राइट गार्डची, म्हणजे मधल्याच्या लगेच उजवीकडची, आणि तिच्यासाठी दोन उमेदवार होते: एक डेन्मार्कचा आणि एक माझा. पहिले तीन सामने दोघांना आलटून पालटून खेळवायचं आणि मग एकाला पक्कं करायचं असं कोचने जाहीर केलं होतं. दुसरा वर्षभर बाकावर. आणि बाकावरच्याला पुढच्या वर्षी कोण विचारतो, असं मुलगा एकदाच म्हणाला, तेही ताटात बघत.

मी काय करू शकत होते? मी फॅन क्लबात गेले. जर्मनीत चार माणसांना एकच गोष्ट आवडली की त्याचा रीतसर फेराइन होतो, म्हणजे नोंदणीकृत मंडळ. मग त्याला अध्यक्ष, चिटणीस, विषयपत्रिका, सगळं आलं. महिन्यातून एका गुरुवारी संध्याकाळी सहाला एका बिअरहाउसच्या मागच्या खोलीत बैठक भरते आणि शेवटची वीस मिनिटं कोच स्वतः येऊन सभासदांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. मी गेले ती शत्रूच्या गोटात शिरल्यासारखी. टोपी डोळ्यांवर ओढलेली, नाव फक्त पहिलं सांगितलेलं. आमच्या आडनावाचा उच्चार इथे कोणालाच जमत नाही, तेव्हा मुलाच्या पाठीवरचं आडनाव आणि मी यांचा संबंध लागणार नाही, असा माझा हिशोब होता. त्या खोलीत मी एकटीच काळी-सावळी होते, हे मात्र माझ्या हिशोबात आलं नव्हतं.

चिटणीस म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. आयुष्यभर त्यांनी याच गावात ट्राम चालवली होती. कोण काय बोललं ते सगळं ते एका जाड वहीत उतरवून घेत. पहिल्या सामन्यानंतरच्या त्या बैठकीत नव्या ओळीवर तासभर नुसती खडाजंगी झाली. एकाचं म्हणणं होतं की पाच चांगली माणसं आणली म्हणजे चांगली ओळ होत नाही, ती मुरावी लागते. दुसऱ्याच्या मते मुरेपर्यंत क्वार्टरबॅक हॉस्पिटलात असेल. टेबलावर मिठाच्या, मिऱ्याच्या बाटल्या आणि बिअरच्या ग्लासाखालचे पुठ्ठे मांडून डावपेच समजावले जात होते. मला मजा येऊ लागली होती. खरं सांगते, इतकी भांडखोर आणि इतकी प्रामाणिक माणसं एका खोलीत मी पुणं सोडल्यापासून पाहिली नव्हती.

आणि मग आजोबा म्हणाले की या सगळ्यांत राइट गार्डला खेळणारा अडुसष्ट नंबर, म्हणजे माझाच मुलगा, त्यांना फार आवडला.

आता आमच्याकडे कोणी आपल्या मुलाचं तोंडावर कौतुक केलं, तर आपण काय करतो? लगेच मोडता घालतो. नजर लागायला नको. "कसलं काय, घरी एक काम करत नाही," असं म्हणतो आणि आतून फुलतो. समोरच्यालाही ते ठाऊक असतं. माझ्या तोंडून तसंच गेलं. मी जर्मनमध्ये म्हणाले, "छे हो, कसला चांगला? त्याचा डावा पाय उशिरा उचलतो."

आजोबांनी चष्मा वर केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, लिहिलं तर लिहिलं. पण थोड्या वेळाने कोच आले आणि आजोबांनी वहीतून एकेक मुद्दा खणखणीत आवाजात वाचायला घेतला. चौथा मुद्दा होता, अडुसष्ट नंबरचा डावा पाय. सूचना एका महिला सभासदाची. कोचने भुवया उंचावल्या आणि खिशातून स्वतःची वही काढून काहीतरी टिपलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ज्या जागेसाठी पोराने जिवाचं रान केलं, ती मी, त्याच्या आईने, एका वाक्यात डेन्मार्कच्या झोळीत टाकली होती.

दोन दिवस मी घरात त्याची नजर चुकवत फिरले. शनिवारी दुपारी थालीपिठं लावली. तो सहावं खात असताना मी सगळं सांगून टाकलं आणि रडले. आमचा मुलगा मराठी सगळं समजतो, पण उत्तर जर्मनमध्येच देतो. त्या दिवशी मात्र त्याने घास हातात तसाच धरून मराठीत विचारलं, "आई, तुला कसं कळलं?"

कोचने त्याला बोलावून सामन्याचा व्हिडिओ संथ करून दाखवला होता. डावा पाय खरोखरच उशिरा उचलत होता, अगदी किंचित, आणि ते आजवर कोणाच्याही नजरेत आलं नव्हतं. ती बाई कोण, असं कोच सगळ्यांना विचारत फिरत होते.

मला कसं कळलं? मी तर नजर लागू नये म्हणून तोंडाला येईल ते बोलले होते. पण तोंडाला डावा पायच का आला, याचा मी विचार करत बसले आणि मग आठवलं. हा पोरगा चालायला लागला तेव्हापासून जिन्यावर डावा पाय घासत चढतो. शाळेला जाताना रोज सकाळी मी वरून ओरडायची, "पाय उचल." मला वाटायचं, आळशी आहे.

पुढचे तीन आठवडे मी तेच केलं. संध्याकाळी तो आमच्या इमारतीचे चार मजले चढायचा-उतरायचा आणि मी कठड्याला टेकून "पाय उचल, पाय उचल" म्हणायची. एका रविवारी दुपारी खालच्या काकूंनी दारावर चिठ्ठी लावली की इथल्या नियमाप्रमाणे रविवार हा शांततेचा दिवस आहे. त्यांना मी डबाभर चकल्या नेऊन दिल्या. त्यानंतर त्या दार किलकिलं करून बघत आणि पाय घासला की माझ्याआधी त्याच सांगत.

तिसरा सामना आम्ही जिंकलो. क्वार्टरबॅकचा शर्ट शेवटी इतका स्वच्छ होता की तसाच घडी करून कपाटात ठेवता आला असता. चेंडू फेकणाऱ्याच्या नावाने स्टेडियम दणाणलं, झेलणाऱ्याच्या नावाने दणाणलं, पण अडुसष्टचं नाव कोणी घेतलं नाही. मी ऊर भरून आनंदात होते आणि मला थोडा रागही आला होता.

त्याच आठवड्यात गुरुवारची बैठक होती आणि शेवटी कोच येऊन पक्की ओळ जाहीर करणार होते. आजोबा एकेका जागेवर चर्चा घेत होते. डाव्या टोकाच्या लेफ्ट टॅकलवर पंधरा मिनिटं वाद. मधल्यावर त्याहून जास्त. मग आजोबांनी पान उलटलं आणि म्हणाले, "राइट गार्डबद्दल काही नाही. पुढे."

मला राहवलं नाही. मी विचारलं, काही नाही म्हणजे काय? तो खेळला नाही का?

आजोबांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, त्यांनी इतकी वर्षं ट्राम चालवली, पण आज ट्राम छान आली असं सांगायला कोणी कधी आलं नाही. गार्डचंही तसंच असतं. ज्याच्याबद्दल बोलायला काही उरत नाही, तो उत्तम खेळला. मग त्यांनी पेन पुन्हा उचललं. "पण तुम्हाला काही नोंदवायचं असेल तर सांगा. मागच्या वेळी तुमचंच बरोबर होतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. जिभेवर पुन्हा तेच आलं, कसलं काय, ठीकच खेळतो. मी ते गिळलं आणि टोपी काढली.

"फार चांगला खेळतो," मी म्हणाले. "माझा मुलगा आहे."

आजोबांनी ते शांतपणे लिहून घेतलं. "ते आम्हाला पहिल्या सामन्यापासून माहीत आहे," ते म्हणाले. "सगळे चेंडूकडे बघतात. स्टेडियमवर आमच्या पुढच्याच रांगेत बसून तुम्ही एकट्याच, चेंडू कुठेही असला तरी, अडुसष्टकडे बघता."

"मग ते पायाचं का लिहून घेतलंत?"

"आईच असं म्हणते म्हटल्यावर ते खरंच असणार, असं वाटलं."

आमच्याकडची रीत त्यांना समजावून सांगेपर्यंत कोच आत आले. त्यांनी पाच नंबर वाचले, आणि चौथा अडुसष्ट होता. खोलीत टाळ्या झाल्या. कोणीतरी माझ्यापुढे बिअरचा ग्लास सरकवला. मी बिअर पीत नाही, पण त्या दिवशी अर्धा ग्लास प्यायले, आणि बाहेर येऊन फोन केला तर नवरा खिडकीखालच्याच फुटपाथवर फेऱ्या मारत होता.

घरी आल्यावर मी मूठभर मीठ-मोहऱ्या घेतल्या. एवढं उघडउघड कौतुक केलं होतं, दृष्ट काढायलाच हवी होती. उभ्याने माझा हात पोचत नाही, म्हणून त्याला स्टुलावर बसवलं. त्याची दृष्ट काढून झाली तसं त्याला म्हटलं, आता ओळीतल्या उरलेल्या चौघांचे फोटो दाखव.