रांजणातली तुरटी

त्या दिवशी अख्ख्या मानवत गावात आमच्या घरच्याइतकं स्वच्छ पाणी कुणाच्याच घरी नव्हतं. हे मी आजही छातीठोकपणे सांगते. पुढं जे झालं त्यात पाण्याच्या स्वच्छतेचा काडीइतका दोष नव्हता.

निजामाचं राज्य होतं आणि मी परभणीला आत्याकडं राहून मुलींच्या शाळेत शिकत होते. शिकणं सगळं उर्दूतून. घरी शंकराची पूजा, मराठीतून भांडणं आणि शाळेत रसायनशास्त्र उर्दूत, अशी माझी खिचडी होती. आमच्या उस्तानीबाईंनी पाण्याचं गुपित शिकवलं त्या दिवशी तर मला रात्री जेवणही गेलं नाही. पाण्याच्या प्रत्येक कणाला म्हणे दोन बाजू असतात, एक मुसबत आणि एक मनफी, म्हणजे आपलं धन आणि ऋण. मीठ पाण्यात टाकलं की हे कण मिठाच्या कणांना गराडा घालतात, धनाला ऋण बाजूनं धरतात, ऋणाला धन बाजूनं धरतात आणि एकेकाला खेचून घेऊन जातात. तेलाला अशा बाजूच नाहीत, म्हणून पाणी त्याला विचारत नाही. उस्तानीबाई बजावून सांगायच्या की विरघळलेली वस्तू दिसेनाशी होते, नाहीशी होत नाही. (हे वाक्य मला तोंडपाठ होतं. तोंडपाठ असणं आणि उपयोगी पडणं यात फरक असतो, तो मला नंतर कळला.)

माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, माझा भारी अभिमान. त्यांची मानवतला कापसाची आडत होती. कापूस विकायला आलेल्या शेतकऱ्याला ते आधी पाणी द्यायचे आणि मग ‘आमची सुभद्रा मॅट्रिकला बसायलीय’ हे सांगायचे. भाव सगळ्यात शेवटी. पण गावात शिकलेल्या मुलीचं कौतुक करणारे पुष्कळ होते आणि सून करून घेणारा एकही नव्हता. मायला घोर लागला होता. राणीसावरगावचा मामा आपल्या मुलासाठी तयार होता, पण ठरल्या दिवसापासून शाळा बंद, ही त्याची अट. म्हणजे मॅट्रिकला राम राम.

एवढ्यात पाथरीचं स्थळ आलं. कापडाचं दुकान, एकुलता मुलगा, आणि मुलाचे वडील म्हणाले की पोरगी परीक्षेला बसली तर आमचं काय जातंय. त्यांच्या बायकोचं मात्र जात होतं. शिकलेली सून उलट उत्तरं देते असं त्या बाईंचं ठाम मत होतं, आणि पोरगी बघूनच काय ते सांगीन, असा त्यांचा निरोप होता. मला पाथरी हवी होती. मुलगा मी पाहिलाही नव्हता, मला हवी होती ती मॅट्रिक.

बघण्यासाठी मला परभणीहून घरी बोलावलं आणि त्याच दिवशी आमचे गुरुमहाराज यायचे ठरले. त्यांच्यासमोर ठरलेली गोष्ट कुणी मोडत नसे, म्हणून आप्पांनीच तो योग जुळवून आणला होता. पाहुण्यांना पाणी चांगलं मिळावं म्हणून त्यांनी आदल्या दिवशी परसातल्या आडाचा गाळ काढून घेतला. गाळ काढला म्हणजे पाणी ढवळणारच! सकाळी पोहरा वर आला तो चहाच्या रंगाचा. मायनं कपाळावर हात मारला. एरवी ती तुरटीचा खडा घागरीत दोन-तीनदा फिरवायची आणि बाजूला ठेवून द्यायची. त्या दिवशी मी पदर खोचून पुढं झाले आणि तिला समजावलं की मातीच्या कणांवर मनफी असतं, तुरटी विरघळली की तिचे मुसबत कण त्यांना गोळा करून तळाशी बसवतात, तेव्हा जितकी जास्त तुरटी विरघळेल तितकं पाणी चांगलं.

“बाई, खडा फिरव आन ठिवून दी,” माय म्हणाली.

मी मॅट्रिकवाली! वाण्याच्या दुकानातून नारळाएवढा खडा आणवला, उखळात कुटला आणि सगळाच्या सगळा रांजणात ओतून रवीनं घुसळला. थोड्या वेळानं गाळ तळाला बसला आणि वर पाणी असं नितळ झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. आप्पांनी तर काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, त्यात मायच्या पोतीतला काळा मणी टाकला आणि गल्लीतल्या लोकांना बोलावून दाखवलं. ‘मणी दिसायलाय का? शाळेची विद्या हाय ही!’ असं ते प्रत्येकाला विचारत होते आणि मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

आता तुम्ही म्हणाल, घरातल्या एकानंही ते पाणी चाखलं नाही? नाही. महाराज येणार असले की त्यांच्या पूजेचं तीर्थ घेईपर्यंत आमच्याकडं पाण्याचा घोट कुणाच्या घशाखाली जात नसे. आणि नैवेद्याचा स्वयंपाक चाखून बघण्याची तर बातच सोडा.

म्हणून पहिली तक्रार डाळीची आली. चूल ढणढणत होती आणि तुरीची डाळ जशी टाकली तशी टणक. माय आप्पांवर घसरली की तुमच्या ओळखीच्या वाण्याची डाळ अशीच असायची. आप्पा म्हणाले की लाकडं ओली असतील. तेवढ्यात शेवया पाण्यात शिजल्या, मायनं वर दूध ओतलं आणि दूध फाटलं. मायनं गवळ्याला शिव्या दिल्या, मग दुसरं दूध आणलं, तेही फाटलं. तेव्हा ती म्हणाली की पोरीला कुणाची तरी नजर लागली, आणि माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. मीही विज्ञान बाजूला ठेवून मुकाट उभी राहिले. (नजर लागली असती तरी चाललं असतं, निदान दोष दुसऱ्याचा झाला असता.)

पाथरीकर आले, महाराज आले. माजघरात पूजा झाली. आप्पांनी रांजणातलं पाणी तांब्यात भरून स्वतः पुढं केलं. महाराजांनी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन त्यावर ते घातलं, तीर्थ तोंडात घेतलं आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. सगळ्यांना वाटलं, ध्यान लागलं. होणाऱ्या सासूबाई तर हात जोडून बसल्या.

मग त्यांनी सगळ्यांना तीर्थ वाटलं. तीर्थ घेताना तोंड वाकडं करायची सोय नाही. आप्पांचे गाल आत गेले. मायचे ओठ जागेवरच आवळले. मुलाचे वडील छताकडं बघू लागले. सासूबाईंच्या तोंडाचा तर असा चंबू झाला की मला विचारायचे प्रश्न त्यांना विचारताच येईनात. माझ्या जिभेवर तीर्थ पडलं आणि मला एका क्षणात सगळं उमगलं: डाळ, दूध, रांजण, उस्तानीबाई. आणि मामाचं राणीसावरगाव डोळ्यांपुढं उभं राहिलं.

“हे पाणी कुणी भरलं?” महाराजांनी विचारलं.

आप्पांची जीभ अडखळली, तरी अभिमान काही सुटला नव्हता. म्हणाले, “पोरीनं, महाराज. लय शिकलीय.”

बघायला आलेल्या मुलीनं मान खाली घालून बसायचं असतं. पण दूध फाटल्याचा ठपका गवळ्यावर आणि डाळीचा वाण्यावर बसला होता, ते मला बघवेना. मी उभी राहिले आणि सांगितलं की तुरटी मी घातली, अख्खा खडा घातला. पाण्याच्या कणांनी तिला चहूबाजूंनी धरून पोटात घेतलीय, ती दिसत नाही पण गेलेली नाही, म्हणून दूध फाटलं आणि डाळ शिजली नाही. सांगता सांगता मला चेव चढला आणि मी मुसबत, मनफी, तेल, मीठ सगळंच सांगून टाकलं. माय खालून माझा पदर ओढत होती.

सासूबाईंचं तोंड जरा सैल झालं तशा त्या नवऱ्याला म्हणाल्या, “बघा. म्या म्हनलं न्हवतं, शिकलेली बोलती लय?”

आप्पांनी मान खाली घातली. त्यांना तसं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वडिलांशेजारी बसलेला मुलगा पुढं सरकला. त्यानं महाराजांपुढं उजवा हात पसरला आणि म्हणाला, “महाराज, आनखी थोडं द्या.”

महाराजांनी दिलं. त्यानं ते तोंडात घेतलं, या गालातून त्या गालात फिरवलं आणि शांतपणे गिळलं. पुन्हा हात पुढं केला! सगळे बघतच राहिले. महाराज हसले आणि सासूबाईंना म्हणाले की पोरगी खरं बोलली आणि पोराला गोड लागलं, आता आपण कशाला तोंड वाकडं करायचं. महाराजांच्या शब्दापुढं बाईंचं काही चाललं नाही. फाटलेल्या दुधात गूळ घालून मायनं ते सगळ्यांना दिलं आणि सुपारी तिथंच फुटली.

मी मॅट्रिक पास झाले, पाथरीत राहून. आप्पांनी पाथरीत पेढे वाटले आणि मानवतात परत वाटले. आणि मी पुढं कितीतरी वर्षं, पापड लाटताना, हळदीकुंकवाला, सुनांसमोर, मुलींसमोर, मान ताठ करून सांगत आले की माझ्या विद्येची कदर करणारा हा एकच पुरुष जिल्ह्यात होता, माझ्यासाठी तुरटीचं पाणी तीनदा प्यायला. सासूबाई ऐकून नाक मुरडायच्या आणि मी आणखी रंगवून सांगायचे.

परवा नातीला ही गोष्ट सांगत होते. आमचे हे शेजारीच पान लावत बसले होते. नातीनं त्यांना विचारलं, आजोबा, आजी तुम्हाला तेव्हाच एवढी आवडली?

“कशाची आवडती,” हे म्हणाले. “आदल्या दिशी पानात चुना जास्त पडला. तोंड सगळं सोलून निघालं होतं. तुरटीच्या पान्यानं लय बरं वाटलं बघ. गुळनी करून थुंकावं म्हनलं तर तीर्थ, म्हनून गिळलं.”

इतकी वर्षं माझ्यावर भाळलेला नवरा म्हणून मी ज्याला गावभर मिरवलं, तो भाळला होता तुरटीवर!