बाहेर माणूस पाहिजे

आमचे हे हार्ट अटॅकने गेले. गाडीखाली सापडून नाही.

आधीच सांगते, कारण खाली फोटो टाकलाय. दारात गाडी पुढून उचललेली दिसेल आणि तुम्ही लगेच नको ते विचाराल.

तिथीनं वर्षश्राद्ध मागच्या आठवड्यात झालं. मांडव पडला, पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गावी गेले.

आज तारीख. तारखेला कोणी येत नसतं.

सकाळपासून घरात नुसता फ्रिजचा आवाज. शेवटी उठले आणि ट्रॉली जॅक ओढत बाहेर आणला. ऑइल बदलायचं होतं.

हे कारखान्यात फिटर. पण जीव सगळा आपल्या पांढऱ्या गाडीत. ऑइल कधी गॅरेजला बदललं नाही. "दुसऱ्यानं आवळलेला नट मला झोपू देत न्हाई," म्हणायचे.

पद्धत ठरलेली. गाडी कोब्यावर, मातीत नाही. हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा, मागच्या चाकांना दगड लावायचे. जॅक पुढून मधोमध, जाड लोखंडाखाली. ऑइलच्या चेंबरखाली चुकूनही नाही. गाडी वर जाते तसा जॅक सरकतो, त्याला सरकू द्यायचं. मग दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड. त्यांच्यावर वजन सोडायचं आणि गाडीला धक्का मारून बघायचा.

"जॅक उचलायला हाय. धरायला न्हाई." हे वाक्य मी भाजी निवडतानासुद्धा ऐकलंय!

आणि शेवटचा नियम. माणूस गाडीखाली गेला की बाहेर एक माणूस पाहिजे.

तो माणूस म्हणजे मी. हात कणकेचे असले तरी.

खालून आवाज यायचा, "हाय का?"

"हाय."

थोड्या वेळानं परत, "हाय का?"

"हाय हो! जाते कुठं मी?"

एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं. माझ्या भावाच्या वास्तुशांतीला हे आलेच नाहीत. कारखान्यात पट्टा तुटला म्हणे. मी अबोला धरला.

तर रविवारी स्वयंपाकघराच्या दारात उभे. "बोलू नको. पन बाहेर उभी ऱ्हा."

राहिले. पाठ फिरवून.

"हाय का?"

मी गप्प.

"अगं हाय का?"

गप्पच.

सरपटत बाहेर आले. तोंडाला ऑइल आणि चेहरा पार घाबरलेला.

"व्हय म्हनायला काय पैसं पडत्यात का? मला वाटलं गेलीस माहेरी!"

मला हसूच फुटलं. अबोला तिथंच संपला.

मागच्या वर्षी नगरला ह्यांना आयसीयूत ठेवलं. नर्स म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर थांबा."

थांबले. बाहेर थांबायची मला सवयच.

पण मध्ये जाड काचेचं दार होतं. आतून ह्यांनी विचारलं असेल, तर मला ऐकू आलं नाही.

ह्याचं फार वाईट वाटतं. रोज वाटतं.

आज सगळं ह्यांच्या पद्धतीनं केलं. दगड, जॅक, घोड्या. धक्का मारला, गाडी जागची हलली नाही. पोतं अंथरलं, पाना घेतला, खाली वाकले. आणि तशीच थांबले. बाहेर कोणीच नाही की.

पुण्याला अभीला, माझ्या मुलाला, फोन लावला.

"आई, वेडी आहेस का? गॅरेजला दे ना."

"नाही देणार."

"बरं, मग व्हिडिओ कॉल चालू ठेव. मी आहे लाईनवर."

"लाईनवरून जॅक मारणारेस का रे तू?"

तो हसला नाही. "आई, शनिवारी येतो," एवढंच म्हणाला आणि मीटिंगला गेला. गुणी आहे पोरगा. पण शनिवार लांब आहे.

आजूबाजूची दारं बंद. सगळे रानात.

गाडी अजून घोड्यांवरच आहे. मी पायरीवर बसून हे लिहितेय. एकटी गाडीखाली जाणार नाही, काळजी करू नका. ह्यांचा शब्द मोडायची माझी हिंमत नाही. आणि गाडी खाली घ्यायलाही मन होत नाही.

कोल्हारात कोणी मोकळं असेल तर या. हात काळे करायचे नाहीत. माझं काम होईपर्यंत नुसतं उभं राहायचं. चहा टाकते.

अहो, नमस्कार करते. तुम्ही जिथं असाल तिथं तुमच्या हाकेला ओ देणारं कोणीतरी असू दे.